शेजारच्या रेडिओवरचं गाणं

या पुस्तकासाठी लेख मागवताना दोनच अटी घातल्या होत्या. पहिली, गाण्याच्या ओळी उतरवून काढायच्या नाहीत. ज्याला गाणं ठाऊक आहे त्याच्या कानात ते आपसूक वाजेल, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला नुसत्या छापील ओळींतून काय मिळणार? दुसरी, राग, ताल, मात्रा यांचं विवेचन नको. ते करणारी माणसं मराठीत आहेत आणि ती ते उत्तम करतात. आम्हाला हवं होतं ते साधं होतं: तुमचं एक आवडतं गाणं सांगा, आणि ते कानावर पडलं की तुम्ही कुठे जाऊन पोचता ते लिहा.

पहिली अट जवळजवळ सगळ्यांनी पाळली. दुसरी काही मंडळींना जड गेली. यमन आला की त्यांचा हात थांबत नाही. ती पानं कापावी लागली, आणि कापताना वाईटही वाटलं नाही. कारण त्याच लेखांत चार ओळींपुरती कुठे आई यायची, कुठे मुंबईहून सुट्टीला आलेला काका यायचा, आणि लेख एकदम उभा राहायचा.

गठ्ठा वाचून होता होता एक गोष्ट ठळक होत गेली. आवडतं म्हणून सांगितलेल्या गाण्यांपैकी फारच थोडी लिहिणाऱ्यानं स्वतः लावलेली होती. कुणाच्या कानावर ते गाणं शेजारच्या बिऱ्हाडातून आलं. कुणी ते इस्त्रीवाल्याच्या दुकानात ऐकलं, कुणी वडापच्या जीपमध्ये मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन. कुणाला ते लग्नाच्या बँडनं वाजवून दिलं, शब्दांशिवाय. घरात रेडिओ असला तरी त्याचं बटण वडिलांच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. आपण निवड केलीच नव्हती. आपण फक्त त्या वेळी तिथे होतो. आणि मला वाटतं, आठवण चिकटते ती नेमकी या न निवडण्याला. गाणं कुणाचं, चाल कुणाची, यापेक्षा ते कुणाच्या हातून, कोणत्या भिंतीपलीकडून आणि कोणत्या कामाच्या मध्ये येऊन पडलं, हे माणसाला जास्त लख्ख आठवतं.

यामागे इतिहासही आहे, आणि तो थोडा सांगायला हवा, कारण पुढच्या लेखांत तो गृहीत धरलेला आहे.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, गाण्याचा कान असलेला माणूस; पण तो कान शास्त्रीय संगीताचा. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. त्यांच्या धोरणापायी आणि निर्मात्यांशी झालेल्या वादापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. समुद्रापलीकडून, शॉर्टवेव्हच्या खरखरीतून, मध्येच बुडणारा आणि मध्येच वर येणारा आवाज. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. गाण्यांना तिथे पायदान असायचं, आणि वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांना सरताज गीताच्या आधीचा बिगुल अजून झोपेतही ओळखू येतो. आकाशवाणीला शहाणपण सुचायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली.

केसकरांना नावं ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती अस्थानी नाही. पण या पुस्तकातले लेख वाचल्यावर मला वाटू लागलं की सिनेमाच्या गाण्यांवर त्यांनी नकळत उपकारच केले. जे सरकारी रेडिओवर सहज मिळत होतं ते आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, धडपड करून मिळवण्याची गोष्ट झालं. रेडिओला तेव्हा परवाना लागे. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, परवान्याच्या पुस्तकात तिकीट लावून घ्यायचं. त्यामुळे चाळीत, वाड्यात, गल्लीत मिळून एखाद-दोन रेडिओ. बुधवारी संध्याकाळी ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या पायरीवर पोरं. सोलापूरच्या एका बाईंनी लिहिलंय की त्यांच्या गल्लीतले रेडिओवाले गृहस्थ तिरसट होते, पण बुधवारी आठ वाजले की खिडकी उघडून रेडिओ तिच्यात आणून ठेवायचे, आणि स्वतः मात्र आत जाऊन बसायचे, जणू आपला काही संबंध नाही. त्या बाईंचं आवडतं गाणं कोणतं हे लेख मिटल्यावर आठवत नाही. खिडकी आठवते.

मराठी गाण्याची तऱ्हा वेगळी. सिनेमा बाहेर गेल्यावर आकाशवाणीला स्वतःची गाणी हवी होतीच, आणि मराठीत त्यासाठी जमीन तयार होती. गजाननराव वाटव्यांनी कवितांना चाली लावून त्या चौकाचौकांत, गणेशोत्सवांत, माणसांच्या गर्दीपुढे म्हटल्या होत्या. कवितेसाठी लोक तिकिटाशिवायही तासन् तास उभे राहतात हे सिद्ध झालं होतं. मग १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं. केंद्र जेमतेम दीड वर्षाचं, कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. वर्षाचे आठवडे बावन्न म्हणून गीतं बावन्न ठरली होती. पण त्या वर्षी अधिक महिना आला, पुढची रामनवमी लांबली, आणि गीतं छप्पन्न झाली. पंचांगानं मराठीला चार गाणी जास्त दिली असा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

गीतरामायणावर इतके लेख आले की त्यांचं वेगळं पुस्तक झालं असतं. रेडिओला हार घालणं, उदबत्ती लावणं हे सगळं त्यांत आहे, आणि ते आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की त्यातले बहुतेक लेख मी बाजूला ठेवले. जे ठेवलेत ते बाजूबाजूनं येणारे आहेत. एकीला आठवते ती वर्तमानपत्रात छापून आलेल्या गीताचं कात्रण पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवणारी आजी. एकाला आठवतो तो राग: गीत लागलं की घरात कुणी बोलायचं नाही, म्हणून त्याला लागलेलं खरचटणं पंधरा मिनिटं कुणी पाहिलंच नाही. तो आज सत्तरी ओलांडलेला माणूस आहे आणि रामावर त्याचा अजून थोडा राग आहे.

मुंबई केंद्रावर यशवंत देवांच्या ‘भावसरगम’मधून नवं गाणं महिनाभर पुन्हा पुन्हा लागायचं. पुण्याचं ‘स्वरचित्र’ त्याच घराण्यातलं. महिन्याला एक गाणं! आजच्या हिशेबानं ही चैन आहे की उपासमार, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण महिनाभर तेच गाणं घराच्या कामांत मुरायचं. कुणाचा तो परीक्षेचा महिना असायचा, कुणाच्या घरी ताईचं लग्न, कुणाकडे आजोबांचं अखेरचं आजारपण, आणि गाणं त्या महिन्याचं होऊन बसायचं. ‘शुक्रतारा मंद वारा’ या एकाच गाण्यावर इतक्या जणांचा दावा होता की शेवटी तीन लेख निवडून ते एकापुढे एक लावले. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल. आणि मराठी मध्यमवर्गानं आपल्या प्रेमाचा अधिकृत आवाज म्हणून ज्या युगुलगीताला मान दिला, त्यातला गायक इंदूरचा, कापडगिरण्यांत इंजिनिअर म्हणून नोकरी करणारा, आपल्या इंदुरी मराठीचा संकोच बाळगणारा. आणि गायिका सुधा मल्होत्रा, जिची मातृभाषा मराठी नव्हे. आपल्या घरचं म्हणून जपलेलं बरंचसं बाहेरगावाहून आलेलं असतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं रेडिओवाल्या घरांचं झालं. म्हणणं बरोबर आहे. पहिल्या फेरीत आलेले लेख मला फारच एकाच तोंडवळ्याचे वाटले: पुणे, दादर, नाशिक, बडोदा, रविवार, शिरा, भावगीत. म्हणून दुसऱ्यांदा लेख मागवताना मुद्दाम वेगळ्या वाटांनी निरोप धाडले. त्यातून जे आलं त्यानं पुस्तकाचा तोल बदलला.

मराठवाड्यातल्या एका एस.टी. कंडक्टरनं वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर लिहिलंय. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत आल्यावर. आणि मग त्यांनी हजारोंनी गाणी लिहिली. त्यांतली कितीतरी तबकडीवर, कॅसेटवर येण्याच्या आधी या गायकाकडून त्या गायकाकडे, वहीतून वहीत, जलशातून जलशात गेली. या लेखकाच्या घरी रेडिओ नव्हता, वीजही नव्हती. आंबेडकर जयंतीच्या रात्री वस्तीतल्या खांबावर कर्णा बांधलेला, आणि गाणारी मंडळी स्वतः समोर. त्यांच्या आठवणीत गाणं ऐकणं आणि गाणाऱ्याला पाणी नेऊन देणं या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. रेडिओवाल्यांच्या लेखांत गायक कायम अदृश्य आहे. इथे त्याला घाम आलेला आहे, त्याचा घसा बसलेला आहे, आणि पहाटे तो लेखकाच्या घरी भाकरी खातो आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि पुस्तकात तो लेख पाचवा ठेवलाय तो त्यासाठीच: वाचकाला भिंतीपलीकडच्या आवाजाची सवय लागायच्या आत.

प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तर कुणाच्या मालकीचा नव्हताच. गणपतीच्या मांडवात तो, जयंतीच्या मिरवणुकीत तो, आषाढीला पंढरीच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीत तो. तो आवाज कानात घेऊन वाढलेल्या माणसांना त्यांचं नाव कितीदा माहीतही नव्हतं. एका लेखिकेनं वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा त्यांचा फोटो पाहिला, आणि तिला ओळखीच्या माणसाचा फोटो पाहिल्यासारखं वाटलं म्हणे. हे मी जसंच्या तसं ठेवलंय.

कॅसेटचा काळ आला आणि बटण पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हातात आलं. पण पुरतं नाही. तेव्हा कॅसेट ‘भरून’ मिळायची. कागदावर गाण्यांची यादी करायची, साठाची की नव्वदची ते सांगायचं, दुकानदार दोन दिवसांनी भरून द्यायचा. यादीतलं एखादं गाणं त्याच्याकडे नसलं की तो स्वतःच्या मर्जीचं घालायचा, आणि बाजू संपताना शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. चाळिशीपुढच्या कित्येकांना अजून एक गाणं संपलं की त्या कॅसेटवरचं पुढचं गाणं मनात आपोआप सुरू होतं. दोन्ही गाण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी. दुकानदाराच्या मर्जीची ती गाणी या पुस्तकात बरीच आहेत. कुणी एकानं लिहिलंय की ज्या गाण्यासाठी कॅसेट भरून घेतली ते आज आठवत नाही, आणि त्या दुकानदारानं घुसडलेलं मात्र जन्माचं सोबती झालंय.

लग्नाच्या बँडबद्दल एकच. ‘नागिन’ १९५४ चा. त्यातली ती बीन मुळात बीन नव्हतीच. हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर ती वाजवली. पुढे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या बँडनं ती क्लॅरिनेटवर घेतली आणि रुमालाचं टोक दातात धरून माणसं रस्त्यावर लोळू लागली. म्हणजे नकलेची नक्कल. तरीही सांगली जिल्ह्यातल्या एका लेखकासाठी ती धून म्हणजे त्याच्या अबोल, शिस्तीच्या मास्तर वडिलांचं एकमेव नाचणं आहे. अशा वेळी अस्सल काय आणि नक्कल काय, याची चर्चा माझ्याच्यानं होत नाही.

माझं स्वतःचं गाणं सांगायचं तर ते अर्धंच आहे. आमच्या घराखाली इस्त्रीचं दुकान होतं. दुकानातला ट्रान्झिस्टर रात्री दुकान बंद होईपर्यंत चालायचा, आणि एका कार्यक्रमात वारंवार लागणाऱ्या एका गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं की नेमकं शटर खाली यायचं. लोखंडाचा तो खडखडाट माझ्यासाठी त्या गाण्याचा शेवटचा ताल आहे. पुढे पूर्ण गाणं ऐकलं तेव्हा तिसरं कडवं कुणीतरी मागाहून जोडल्यासारखं, खोटं वाटलं. अजून वाटतं. चाल तीच, आवाज तोच, पण ते माझ्या गाण्यात नाही. कोणतं गाणं ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही पूर्ण म्हणून दाखवाल.

स्मरणाचा अभ्यास करणारे सांगतात की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या काळातलं सर्वांत जास्त आठवतं, आणि गाण्यांचंही तसंच. ‘आमच्या वेळची गाणीच खरी’ हे प्रत्येक पिढी छातीठोकपणे का म्हणते त्याचा उलगडा यात आहे. ‘आमच्या वेळची’ म्हणजे सुवर्णकाळाची असेलच असं नाही. आमच्या सोळाव्या वर्षाची, एवढं नक्की. या पुस्तकात सुधीर फडक्यांवर प्राण टाकणारे आहेत, आणि आनंद शिंद्यांचा पोपट ऐकला की ज्यांना बारावीची सुट्टी आणि पहिली मिसरूड आठवते असेही आहेत. दोघांना शेजारी शेजारी बसवलंय. पहिल्यांना ते आवडणार नाही.

आठवणी चुकतातही. ज्या गाण्यांवर लोकांनी ‘लताबाईंचं’ म्हणून लिहिलं त्यांतली काही सुमन कल्याणपूरांची निघाली. हा गोंधळ नवा नाही, सुमनताईंना तो जन्मभर पुरला. तिथे आम्ही तळटीप दिली, मजकुरात हात घातला नाही. कारण तीस वर्षं ज्या माणसानं ते गाणं लताबाईंचं म्हणून ऐकलं, त्याच्या आठवणीत तिथे लताबाईच उभ्या आहेत. सुमनताईंवर अन्याय होतो, हे खरं. म्हणून तळटीप ठळक टाइपात आहे. कुठे वर्ष जुळत नाही, कुठे सिनेमा लागण्याआधीच त्यातलं गाणं बहिणीच्या लग्नात वाजलंय. तेही तसंच राहू दिलं. बहिणीचं लग्न झालं, गाणं वाजलं. मनानं त्यांची गाठ नंतर कधीतरी बांधली.

स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांवरचे लेखही पुष्कळ आले. मुलाचं नाव आठवत नाही, पण गाणं लावलं की ओठ हलतात. हे घडतं आणि ते अनुभवणाऱ्याला हलवून टाकतं. पण एकामागून एक वाचताना त्यांची एक ठरीव वाट झालेली दिसली. दोनच घेतले. त्यातला एक घेण्याचं कारण, त्यातली आई ओठ हलवत नाही. ती ‘बंद कर ते’ म्हणते. मुलीला तेव्हा पहिल्यांदा कळतं की ते गाणं वडिलांच्या आवडीचं होतं, आणि आईनं ते चाळीस वर्षं सोसलं होतं. बटण कुणाच्या हातात, हा प्रश्न दिसतो तितका गोड नाही. घराघरांतल्या बायांनी काय ऐकलं हे बहुतेकदा पुरुषांनी ठरवलं. दुपारच्या कार्यक्रमांवर बायकांनी इतक्या मायेनं लिहिलंय त्याचं कारण हेच, की दुपारी घरात पुरुष नसत.

आता बटण प्रत्येकाच्या खिशात आहे. हवं ते गाणं, हव्या त्या क्षणी, हवं तितक्यांदा. मी त्याविरुद्ध गळा काढणार नाही. या पुस्तकाचं काम करताना रोज रात्री मीही तेच केलं. पण त्यात एक गोष्ट अनुभवाला आली आणि लेखांतही ती पुन्हा पुन्हा येते. ज्या गाण्याला एखादी नेमकी आठवण लगडलेली आहे ते वारंवार वाजवलं की आठवण झिजते. पाचव्या-सहाव्यांदा वाजवताना ते गाणं त्या वाड्यातलं राहत नाही. काल रात्री भांडी घासताना ऐकलेलं होऊन जातं. न्यू जर्सीतल्या एका लेखिकेनं तर आपलं गाणं फोनमध्ये ठेवलेलंच नाही. बत्तीस किलोच्या बॅगेत आईनं खोचून दिलेल्या कॅसेटवर ते आहे, घरात कॅसेट वाजवायला यंत्र नाही, आणि ती ते मुद्दाम घेत नाही. तरुण लेखकांचे लेख मात्र मला चकवून गेले. मला वाटलं होतं, ज्यांना सगळं निवडता येतं त्यांच्याकडे असली गाणी नसतील. आहेत. त्यांची गाणी रिक्षावाल्याची आहेत, वसतिगृहातल्या पार्टनरची आहेत, जिममधली आहेत, सोडून गेलेल्या कुणाच्या यादीतली आहेत. इअरफोन काढला की गाठतंच कुणाचं तरी गाणं.

लेखांचा क्रम काळाप्रमाणे नाही, लेखकांच्या प्रतिष्ठेप्रमाणे तर नाहीच. गाणं कुठून ऐकू आलं त्यावरून विभाग पाडलेत: भिंतीपलीकडून, रस्त्यावरून, प्रवासात, मांडवात, आणि शेवटी स्वतः लावलेली. शेवटचा विभाग सर्वांत लहान आहे. नावं लेखकांच्या विनंतीवरून गाळली आहेत. घरातल्या माणसांबद्दल लिहिताना ही मोकळीक लागते.

एका लेखाला मात्र शीर्षक नाही, आणि ती छपाईतली चूक नव्हे. लातूरजवळच्या एका लेखिकेला गाण्याचा एकही शब्द आठवत नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या दिवसांत पलीकडच्या कुटुंबातली बाई ते गुणगुणायची, एवढंच. तिनं चाल फोनवर म्हणून पाठवली. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या दोघा-तिघांना ऐकवली, कुणाला लागली नाही. वाचकांपैकी कुणाला तिच्या वर्णनावरून ओळखू आलीच, तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा, आम्हाला उत्सुकता आहे. फक्त ते तिच्यापर्यंत जाणार नाही. लेखासोबतच्या चिठ्ठीत तिनं बजावलंय, सापडलं तर मला सांगू नका.